चढाई आणि बचाव

बेळगाव-खानापूर रस्त्यावरील पिरनवाडीसारख्या गावांत कबड्डीचा सामना रंगला, की प्रेक्षक चढाई करणाऱ्याला 'आत घूस!' असे ओरडून सांगतात. तो रिकाम्या हाताने परतला, की भित्रा ठरतो. वस्तुतः त्याचा निर्णय समोरच्या गड्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने घरोघरी पोहोचविलेले नियम पाहिले, म्हणजे हे उमगते. समोर सहा वा सात गडी असले, तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. पण त्या वेळी साखळीही भक्कम असते. गडी तीनच उरले, की मैदान मोकळे वाटते; मात्र खरा धोका तेथेच! तिघांनी वा त्याहून कमी गड्यांनी केलेली पकड दोन गुण देते. एका गुणाने पुढे असलेला संघ एका क्षणात एका गुणाने मागे पडतो. सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर गडी बाद होतो. म्हणून जाणता बचाव पहिल्या दोन चढायांत अंगावर न जाता मागे राहतो आणि तिसरीची वाट पाहतो. प्रेक्षकाला जो कंटाळवाणा खेळ वाटतो, तोच पुष्कळदा सामन्याचा निकाल घडवीत असतो. तेव्हा ओरडण्यापूर्वी गडी मोजावेत, हे बरे.