‘डियर’ शब्दाचें मोल

इंग्रजी पत्रलेखनाचा धडा सुरू झाला म्हणजे आमच्या वर्गांत दरवर्षीं एक गोष्ट हटकून घडते. रजेच्या अर्जाच्या आरंभीं ‘डियर सर’ असें लिहावयास सांगितलें कीं, मागच्या बांकांवर हंशा पिकतो. ज्या हेडमास्तरांसमोर उभें राहतांना पाय लटपटतात, त्यांस ‘प्रिय’ कसें म्हणावें, असा त्या हंशाचा अर्थ असतो. शंका रास्त आहे. पण तिचें समाधान करावयाचें तर त्या शब्दाचें कूळ थोडें पाहिलें पाहिजे.

‘डियर’ हा इंग्रजी भाषेच्या अगदीं जुन्या ठेव्यांतील शब्द आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत तो ‘देओरे’ अशा रूपानें आढळतो. तेव्हांपासूनच त्यास दोन अर्थ आहेत: एक ‘मोलाचा, महाग’ व दुसरा ‘आवडता’. जर्मन भाषेंतील ‘टॉयर’ हा त्याचा भाऊबंद असून त्याचेही हेच दोन अर्थ होतात. फ्रेंचांचा ‘शेर’ हा निराळ्या कुळांतला. तो लॅटिन ‘कारुस’ या शब्दापासून निघाला. पण त्यांतही महागाई व माया एकत्रच नांदतात. याच ‘कारुस’पासून पुढें इंग्रजीस ‘चॅरिटी’ हा शब्द मिळाला.

हे दोन अर्थ एका शब्दांत कां राहावे, हें आम्हांस कोशापेक्षां एका विद्यार्थ्यानें अधिक चांगलें शिकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं ‘त्या वर्षीं तांदूळ डियर होता’ अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य आम्हीं भाषांतरास दिलें. त्यानें लिहिलें, ‘त्या वर्षीं तांदूळ लोकांस फार प्रिय होता.’ आम्हीं तें मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग पोट धरून हंसला आणि, सांगावयास संकोच वाटतो, आम्हीही हंसलों. तास संपल्यावर तो वही घेऊन टेबलाजवळ आला व खालीं पाहून म्हणाला, “सर, आमच्याकडे दोन वर्षें पीक बुडालें. आई सणासाठीं मूठभर तांदूळ डब्याच्या तळाशीं राखून ठेवते. आम्हांला तो प्रियच आहे.”

भाषांतर चुकलें होतें, यांत शंका नाहीं. तेथें ‘महाग’ हाच शब्द हवा होता. परंतु जो अर्थ आम्हीं पुस्तकांत वाचला होता, तो त्या मुलानें घरून आणला होता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर आपली चूक कबूल केली, आणि ‘डियर’ व ‘डर्थ’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहिले. ‘डर्थ’ म्हणजे टंचाई. हा शब्द ‘डियर’पासूनच झाला असून आरंभीं त्याचा रोख धान्याच्या महागाईवर होता, महागाई आली कीं टंचाई तिच्या बरोबर असावयाची, म्हणून अर्थ तिकडे वळला. आपल्या मराठींत तरी निराळें काय आहे? ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’, म्हणजे मोठ्या मोलाचा, यावरून आला. आणि ‘तो अन्नाला महाग झाला’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यास अन्न मिळेनासें झालें, असाच अर्थ होतो.

मोल व माया यांची ही सोयरीक लाडाच्या शब्दांतही दिसते. बदकाच्या पिल्लास इंग्रजींत ‘डक्लिंग’ म्हणतात. त्याच्या शेवटीं जो प्रत्यय आहे, तोच ‘डियर’ला लागून ‘डार्लिंग’ शब्द झाला. आज तो नाटक-सिनेमांतील प्रेमिकांचा शब्द समजून मुलें लाजतात. पण १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत, बाविसाव्या व पस्तिसाव्या स्तोत्रांत, हाच शब्द संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें आपल्या एकुलत्या एका जिवाविषयीं वापरला आहे. आपल्याकडील आई लेंकराला ‘सोन्या’ म्हणते, तेव्हां तीही मोलाच्याच भाषेंत बोलत असते.

आतां ‘डियर सर’कडे वळूं. जुन्या मराठी पत्रांत कोणासही ‘राजमान्य राजश्री’ लिहीत, आणि तेवढ्यानें त्या गृहस्थास राजदरबारीं मान होता, असें कोणी समजत नसे. ‘डियर सर’मधील ‘डियर’ही तसाच केवळ शिष्टाचाराचा आहे. आपण वडिलांस ‘तीर्थरूप’ व धाकट्यास ‘चिरंजीव’ लिहितों. नातें बदललें कीं शब्द बदलतो. इंग्रजींत शब्द एकच राहतो, व त्याच्या मागेंपुढें काय येतें आणि तो कोणत्या सुरांत उच्चारला जातो, यावरून नातें ओळखावें लागतें. शेरलॉक होम्स आपल्या मित्रास ‘माय डियर वॉटसन’ म्हणतो, त्यांत स्नेह आहे. इंग्लंडांतील एखादी दुकानदार बाई अनोळखी गिऱ्हाइकासही ‘डियर’ म्हणते, त्यांत निव्वळ आर्जव आहे. वादाच्या भरांत कोणी ‘माय डियर सर’ म्हणाला, तर त्यांत कुत्सितपणाही असूं शकतो. आणि ‘ओ डियर!’ हा तर केवळ ‘अरेरे!’ होय.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, अर्जांत ‘डियर सर’ निःशंकपणें लिहावें व हंसूं नये. परंतु आईस किंवा जिवलग मित्रास पत्र लिहितांना लेखणी त्या शब्दापाशीं क्षणभर थांबवावी. डब्याच्या तळाशीं राखलेल्या त्या मुठीची आठवण ठेवून मग तो लिहावा.