सर्किट बोर्डाची आखणी : भांडवलाशिवाय शिकता येणारा हुन्नर

शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाच्या विहिरीवर मोटार आली की पेटीत स्टार्टर आला, आणि बहुधा त्यासोबत प्रिव्हेंटर किंवा ऑटो स्विचही. त्यातला सर्किट बोर्ड जळाला की आपला कारागीर पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा आणून बसवतो. मजुरी त्याची, बोर्डाचा नफा मात्र दुसऱ्याचा. तो बोर्ड त्याला स्वतः आखता येणार नाही काय?

आखणीचे सॉफ्टवेअर महाग असते, ही अडचण आता राहिलेली नाही. 'कीकॅड' मोफत मिळते आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक आहे, त्यामुळे चोरीची प्रत घेण्याचे कारणच उरत नाही. फ्रान्सच्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केले. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये त्याचे धडे आहेत. साधा संगणक पुरतो.

आधी सर्किटचा नकाशा काढायचा. मग प्रत्येक भागाला त्याच्या पायांच्या मापाचा ठसा, म्हणजे फूटप्रिंट, नेमून द्यायचा. त्यानंतर बोर्डावर भाग मांडून तांब्याच्या रेषा ओढायच्या. शेवटी गर्बर फाइली निघतात. त्यावरून कारखाना बोर्ड बनवून देतो.

नवशिके अडकतात ते फूटप्रिंटवर. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर सपाट बाजू समोर धरून पाहिला, तर त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. प्लॅस्टिकच्या पीएन २२२२ चे बरोबर उलटे. नकाशा अचूक असूनही बोर्ड चालत नाही. बाजारातल्या रिलेचेही तसेच, ती संगणकातल्या मापाची असेलच असे नाही. म्हणून आधी व्हर्नियरने मोजावे, आराखडा मूळ मापात कागदावर छापावा आणि भागांचे पाय त्यात टोचून पाहावेत. एका कागदात पन्नास बोर्डांचे नुकसान वाचते.

सॉफ्टवेअर चुका तपासते, पण तुम्ही सांगितलेल्या नियमांपुरत्याच. ४१५ व्होल्टची रेष बारा व्होल्टच्या रेषेजवळून नेली, तर नियम घातल्याशिवाय ते बोलणार नाही. अशा दोन रेषांत मी तरी आठ मिलिमीटर जागा ठेवीन. शेतकऱ्याचा हात ओला असतो.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला केंद्राने २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला. तिथे नोकरी मिळेलच असे कोणी सांगू नये. पण आयटीआय झालेल्या मुलाने मुलाखतीला स्वतः आखलेला, चालता बोर्ड नेला, तर निदान बोलायला विषय राहील. पहिला बोर्ड मात्र टाकीच्या इंडिकेटरचा करावा, बारा व्होल्टवर चालणारा. स्टार्टरला हात घालायचा तो जाणत्या माणसाला आराखडा दाखवूनच.