ऑटोसॅम्प्लर : ओळख व काळजी

गोळीच्या पाकिटावर ‘५०० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते. गोळीत खरोखर तेवढे औषध आहे काय, हे औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत बहुधा एचपीएलसी या उपकरणावर तपासतात. रसायनशास्त्र वा फार्मसी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना अशा प्रयोगशाळेत नोकरीची संधी असते. म्हणून या उपकरणाच्या एका भागाची ओळख येथे करून देत आहोत.

एचपीएलसीत पंप द्रावकाला मोठ्या दाबाने कॉलममधून ढकलतो. त्या प्रवाहात नमुन्याचे १० किंवा २० मायक्रोलिटर द्रावण सोडायचे असते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे हे माप अर्ध्या थेंबाहूनही कमी! आम्ही शिकलो तेव्हा हे काम हाताने करीत असू. सहा छिद्रांच्या व्हॉल्व्हला जोडलेल्या बारीक नळीत, म्हणजे लूपमध्ये, सिरिंजने द्रावण भरायचे व दांडा फिरवायचा. मग प्रवाह लूपमधून वळून नमुना कॉलमवर नेई. हात बदलला की आकडेही थोडे बदलत.

ऑटोसॅम्प्लर हे सर्व स्वतः करतो. सुई व्हायलच्या झाकणातील सेप्टम भेदते, ठरलेले माप ओढते, व्हॉल्व्ह फिरतो व त्याच क्षणी नोंद सुरू होते. सुई धुऊन पुढची व्हायल घेतली जाते. हे काम रात्रभर चालू शकते.

परंतु यंत्र चूकही तितक्याच इमानाने करते. व्हायलमध्ये बुडबुडा असला तर सुई हवा ओढते, पीक लहान येतो आणि चांगली गोळी नापास ठरते. सुईवर आधीच्या नमुन्याचा ०.१ टक्का अंश राहिला, तर पुढच्या नमुन्यात नसलेली अशुद्धी दिसते; अशुद्धीची मर्यादाच पुष्कळदा तेवढी असते. म्हणून तीव्र नमुन्यानंतर कोरे द्रावण इंजेक्ट करून पाहावे. आरंभी प्रमाण द्रावणाची पाच इंजेक्शने घ्यावीत. त्यांच्या क्षेत्रफळांतील सापेक्ष प्रमाण विचलन सामान्यतः २ टक्क्यांच्या आत हवे.

यंत्राला जागेचा क्रमांक कळतो, व्हायलमध्ये काय आहे ते कळत नाही. आमच्याच हातून एकदा दोन व्हायलींची अदलाबदल झाली होती. वहीतील नोंदीमुळे ती सापडली व कारण लिहूनच चाचणी पुन्हा केली. नको असलेला आकडा पुसून गुपचूप दुसरे इंजेक्शन घेणे ही मात्र फसवणूक होय. गोळी घेणारा रुग्ण ती तपासू शकत नाही. त्याच्या वतीने आपण तपासत असतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.