पहिली पंगत उठायच्या आत

पीएफसेन्स फायरवॉलच्या जुन्या आवृत्तीवर सूचना येते : नियम चढवताना चूक, 'बोगॉन्सव्ही६' टेबल तयार होत नाही, 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी'. डॅशबोर्डवरची मेमरीची पट्टी मात्र निम्म्यावरही गेलेली नसते. तिच्याकडे न बघताच रॅम मागवली जाते. वास्तविक पीएफसेन्स ज्यावर चालतं त्या फ्रीबीएसडीच्या कर्नलकडे 'मेमरी नाही' म्हणायला एकच क्रमांक आहे, १२. रॅम संपली तरी १२, आखून दिलेली मर्यादा भरली तरी १२. इथे भरते ती मर्यादा. पीएफच्या, म्हणजे नियम राबवणाऱ्या पॅकेट फिल्टरच्या, मूळ सेटिंगमध्ये सगळ्या टेबलांच्या मिळून २ लाख नोंदी, बस्स.

बोगॉन म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेले आयपी पत्ते. त्यांची आयपीव्ही६ची यादीच १ लाखाच्या वर जाते. तरी २ लाखांत ती मावायला हवी की! मावते, पण एकदाच. यादी ताजी करताना पीएफ जुनी काढून नवी आणत नाही; जुनी कामावर ठेवून नवी शेजारी भरतो, मगच अदलाबदल करतो, म्हणजे मधल्या वेळात दार उघडं राहत नाही. पहिली पंगत उठायच्या आत दुसरीची पानं मांडायची, तर पानं दुप्पट लागणारच.

रीस्टार्ट केलं की सूचना जाते, हा अनुभव खोटा नाही. यंत्र नव्याने उठतं तेव्हा जुनी पंगतच नसते, म्हणून २ लाख पुरतात. नियम पुन्हा चढवले की ही यादीही पुन्हा भरली जाते. तोवर तक्रार मिटल्यासारखी दिसते. 'नेट तर चालू आहे ना?' हेही खरं, कारण नवे नियम चढले नाहीत तरी जुने चालू राहतात. मला भीती वाटते ती याचीच : काल बंद केलेला पोर्ट उघडाच असतो आणि कुणाचा फोन येत नाही. मग मर्यादा सरळ कोटीवर न्यावी? नको. ही कर्नलची मेमरी, ती डिस्कवर ढकलता येत नाही. छोट्या यंत्रात मर्यादाच उरली नाही, तर रॅम खरोखर संपेल. 'फायरवॉल मॅक्सिमम टेबल एंट्रीज'च्या चौकटीत ४ लाख लिहावेत आणि 'पीएफसीटीएल -एसएम' चालवून आकडा लागला का ते पाहावं. पुढे कुणी देशवार आयपी अडवणारी यादी जोडली, तर तिचीही पानं याच ४ लाखांत दोनदा मांडायची आहेत.