होडी रडारला दिसते कशी?

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले. त्यानंतर तटरक्षक दलाने किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी केली. पण लाकडाची किंवा फायबरची लहान होडी रडारला सहज सापडत नाही. मग ती परक्याची असो, नाहीतर परतायला उशीर झालेल्या आपल्या माणसांची. म्हणून आज हे यंत्र समजून घेऊ.

रडार रेडिओ लहर सोडतं आणि तिचा पडसाद टिपतं. पडसाद यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तो परतला, तर वस्तू १५० मीटरवर. पण पडसाद लाटांकडूनही येतो. समुद्र खवळला की होडीचा क्षीण पडसाद त्या गलक्यात हरवतो.

इथे ‘कोहेरंट’ रडार कामी येतं. परतलेली लहर चढावर आहे की उतारावर, हेही ते पाहतं. दर पडसादागणिक ही स्थिती कशी बदलते, त्यावरून वस्तूचा वेग कळतो आणि वेगळ्या वेगाने चाललेली होडी लाटांतून निवडता येते. फरक मात्र फार बारीक असतो. लहर ३ सेंटीमीटरची असेल, तर तिची कंपनं सेकंदाला सुमारे एक हजार कोटी. सेकंदाला दीड मीटर वेगाने जवळ येणारी होडी त्यांत फक्त १०० ची भर घालते!

त्यासाठी लागणारी अगदी स्थिर लहर महाग पडते. बोटींवरच्या स्वस्त रडारमध्ये बहुधा मॅग्नेट्रॉन असतो, मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्याचाच भाऊबंद. तो प्रत्येक लहर वेगळ्याच स्थितीतून सुरू करतो.

यावरचा तोडगा मासळी विकणाऱ्या बाईला लगेच पटेल. तराजूला पासंग असेल, तर तो आधी बघून वजनातून वजा करता येतो. तसंच, प्रत्येक लहर निघतानाच तिची स्थिती नोंदवायची आणि पडसाद आला की ती वजा करायची. हा हिशेब आता साधा संगणकही करतो. त्यामुळे स्वस्त रडारलाही वेग दिसू लागतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवू. इंजिन बंद पडलेली होडी पाण्याबरोबरच वाहते, त्यामुळे केवळ वेगावरून ती ओळखणं कठीण. म्हणून रडार कितीही सुधारलं, तरी घरची माणसं दर्यावर निघताना लाइफ जॅकेट आणि चालू वायरलेस सोबत आहे ना, हे आपण विचारायलाच हवं.