छायाचित्राची फाइल बदलली, हे संगणक कसे ओळखतो?

डिजिकॅम किंवा लाइटरूम क्लासिक यांसारखी छायाचित्र-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे मूळ फाइली डिस्कवरच ठेवतात आणि त्यांची माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवतात; त्यामुळे एखादी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून परस्पर बदलली गेली, की नोंद आणि प्रत्यक्ष फाइल यांत तफावत पडते. ती हुडकण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे फाइलीचा आकार आणि शेवटच्या फेरबदलाची वेळ जुन्या नोंदीशी ताडून पाहणे, कारण त्यासाठी फाइल वाचावी लागत नाही. मात्र हा पुरावा निर्णायक नसतो: अनेक मेमरी कार्डांवर वापरल्या जाणाऱ्या फॅट-३२ या फाइल-रचनेत फेरबदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी आणि स्थानिक घड्याळानुसार नोंदवली जाते, त्यामुळे केवळ कालविभाग बदलल्यानेही जशीच्या तशी असलेली फाइल बदललेली भासू शकते.

अधिक खात्रीचा उपाय म्हणजे हॅश, अर्थात फाइलीतील बाइट्सवर गणिती प्रक्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची संख्या. एसएचए-२५६ या पद्धतीत ती नेहमी २५६ बिटांची असते आणि फाइलीतील एक बिट बदलला तरी ती पार वेगळी येते. परंतु तिच्यासाठी संपूर्ण फाइल वाचावी लागत असल्याने हजारो छायाचित्रांच्या संग्रहात हे काम वेळखाऊ ठरते. म्हणून डिजिकॅम फाइलीचा केवळ आरंभीचा आणि अखेरचा भाग वाचून तिची ओळख ठरवते. त्यात वेग साधतो, पण मधल्या भागातील बिघाड निसटण्याची शक्यता उरते.

लिनक्समध्ये २००५ पासून उपलब्ध असलेली आयनोटिफाय ही सोय बदलाची सूचना तत्काळ देते. तथापि सॉफ्टवेअर बंद असताना किंवा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून झालेले बदल तिच्यातून कळत नाहीत, त्यामुळे फोल्डरांची फेरतपासणी अटळ ठरते.

शिवाय फाइल बदलली म्हणजे चित्र बदललेच, असे नव्हे. जेपीईजी फाइलीत चित्राची ओळख सांगणारा मजकूर किंवा कीवर्ड लिहिले, तर हॅश बदलतो, पण चित्राचा एकही बिंदू हलत नाही. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींबाबत अशी माहिती बहुधा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या जोडफाइलीत ठेवली जाते, त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी राहते. डेटाबेस आणि फाइल या दोन्हींतील माहिती स्वतंत्रपणे बदलली असेल, तर लाइटरूम कोणती ग्राह्य धरावी हे वापरकर्त्यालाच विचारते. त्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी दोन्हींची प्रत काढून ठेवावी, कारण एक बाजू स्वीकारली की दुसरीवरील नोंदी पुसल्या जातात.