सांधा: जोड की उकल?

‘सांधा’ या शब्दानेच आपली पहिली दिशाभूल होते. सुतार लाकडाचे दोन तुकडे घेऊन ते खाचेत बसवितो, त्याचप्रमाणे गर्भातही मांडीचे आणि नडगीचे हाड स्वतंत्रपणे वाढत येऊन गुडघ्यापाशी एकमेकांस भेटत असावे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दुसऱ्या महिन्यात हातापायांच्या कोंबांमध्ये पेशींची जी दाट रास जमते आणि जिच्यात सॉक्स-९ या प्रथिनाच्या अंमलाखाली कूर्चा तयार होऊ लागते, ती रास पुढे जेथे सांधा व्हावयाचा तेथेही प्रथम अखंडच असते.

मग त्या अखंडतेत सांध्याची जागा मुक्रर होते. ठरलेल्या पट्ट्यातील पेशी चपट्या होतात, कूर्चेचे प्रमुख द्रव्य जे दुसऱ्या प्रकारचे कोलाजेन ते बनविण्याचे सोडून देतात आणि जीडीएफ-५ हे प्रथिन निर्माण करू लागतात. ‘कूर्चा व्हा’ असा हुकूम देणारी बीएमपी नामक प्रथिने आसपास असतातच; परंतु नॉगिन हे दुसरे प्रथिन त्यांना वाटेतच बांधून ठेवते, म्हणून त्या हद्दीत तो हुकूम बजावला जात नाही. नॉगिनचे जनुक नसलेल्या उंदरांचे गर्भ १९९८ साली तपासले गेले, तेव्हा त्यांच्या पायांत कूर्चा माजलेली होती आणि सांधे पडलेच नव्हते. मनुष्यातही या जनुकातील काही दोषांमुळे बोटाचा मधला सांधा जन्मतःच मिटलेला राहतो. वाचकांनी आपल्या तर्जनीच्या मधल्या सांध्यावरील सुरकुत्या क्षणभर न्याहाळाव्यात. ज्यांच्या बोटात हा सांधा घडत नाही, त्यांची त्वचा तेथे बहुधा गुळगुळीत असते.

मधल्या पेशी मरून पोकळी पडते, ही समजूतही अशीच अपुरी आहे. काही पेशी मरतात हे खरे. पण कडेच्या पेशी हायल्युरोनिक आम्ल स्रवतात, ते पाणी धरून फुगते आणि दोन्ही बाजू अलग होतात, हे कारण अधिक महत्त्वाचे. त्या पट्ट्यातील पेशींच्या वंशजांपासून तर सांध्यावरील कूर्चा, अस्थिबंध आणि आतील अस्तर घडते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा की, हे सारे जनुकेच उरकतात आणि गर्भ निश्चल पडून असतो. १९३४ साली ऑनर फेल आणि कँटी यांनी कोंबडीच्या गर्भाचा गुडघा शरीराबाहेर वाढविला, तेव्हा सांध्याला आरंभ झाला, पोकळी मात्र पडली नाही. १९६६ साली अंड्यातील पिलांचे स्नायू औषधाने लुळे करून पाहिले असता पुन्हा तेच आढळले. स्नायूंची ओढ बसली नाही, तर सांध्याच्या पेशी पुन्हा कूर्चेकडे वळू शकतात. हा नियम सर्वत्र सारखा नाही. स्नायूंविना वाढलेल्या उंदरात कोपर मिटते, पण गुडघा घडतो.

मानवी गर्भाची हालचाल दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सुरू होते. आईला ती साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यात जाणवते, आणि तोवर मोठ्या सांध्यांतील पोकळ्या पडून गेलेल्या असतात.